सायकलीचे वजन आणि वेग

नंदुरबारहून प्रकाशामार्गे शहाद्याकडे जाणारा रस्ता तापीच्या खोऱ्यातून जातो. दोहों बाजूंना काळी, कसदार जमीन पसरलेली असून तीत कापूस, मिरची, ऊस, केळी आणि पपई यांची शेते दिसतात. रस्ता बहुतेक सपाट आहे. याच जिल्ह्याच्या उत्तर अंगाला मात्र सातपुडा उभा आहे. शहाद्याहून निघून म्हसावद, राणीपूर ही गावे मागे टाकली की रस्ता डोंगराला भिडतो आणि वळणे घेत घेत तोरणमाळच्या पठारावर चढतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आहे. एकाच जिल्ह्यात सपाटी आणि घाट असे दोन्ही प्रकारचे रस्ते जवळजवळ असल्यामुळे सायकलीविषयीच्या एका जुन्या वादाचा निवाडा करण्यास हा प्रदेश फार सोयीचा आहे. तो वाद असा: सायकल हलकी असली म्हणजे ती वेगाने जाते काय?

मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर आणि भक्कम स्टँड असलेली पोलादी सायकल सुमारे वीस किलो भरते. दूधवाला तिच्यावर कॅन अडकवतो, शेतकरी गवताचा भारा बांधतो, आणि तीच सायकल घरातील मुलगा शाळेला नेतो. हिच्या जोडीला आता दुकानांत अ‍ॅल्युमिनियमच्या, गिअर असलेल्या, बारा-तेरा किलो वजनाच्या सायकली दिसतात. कार्बनच्या धाग्यांपासून बनविलेल्या सायकली तर आठ-नऊ किलोंच्याच असतात. गंमत अशी की, वजन जसजसे उतरते तसतशी किंमत चढत जाते. मुले हलक्या सायकलीचा हट्ट धरतात. कापसाचे किंवा मिरचीचे वर्षाचे पैसे ज्याच्या हाती आलेले असतात, त्या बापाला मात्र या जादा पैशांत नेमके काय पदरात पडणार हे कळले पाहिजे. दुकानदाराच्या शब्दावर हा प्रश्न सोडून देणे शहाणपणाचे नव्हे. थोडे गणित आले की त्याचे उत्तर घरबसल्या काढता येते.

पहिली चूक वजन करतानाच होते. वीस किलोंची सायकल टाकून बारा किलोंची घेतली, तर वजन आठ किलोंनी, म्हणजे शेकडा चाळीसने घटले, असे सगळे म्हणतात. परंतु सायकल एकटी धावत नाही. तिच्यावर माणूस बसतो, आणि पायांना ओढावे लागते ते दोघांचे मिळून वजन. साठ किलोंचा स्वार वीस किलोंच्या सायकलीवर बसला तर एकूण भार ऐंशी किलो. तोच बारा किलोंच्या सायकलीवर बसला तर बहात्तर. घट झाली ती ऐंशीत आठ, म्हणजे दहावा हिस्सा. चाळीस टक्क्यांचे दहा टक्के झाले! पाठीवरच्या दप्तरात दोन पुस्तके आणि पाण्याची मोठी बाटली असेल, तर त्या दहातूनही थोडे गळते.

आता सपाट रस्त्यावर या दहाव्या हिश्शाचा उपयोग किती, ते पाहावयाचे. सायकलस्वार सपाटीवर एकसारख्या वेगाने जात असताना त्याची शक्ती मुख्यतः दोन गोष्टींत खर्च होते. रस्त्यावर टेकलेला टायर सतत दबत आणि पुन्हा फुगत असतो. त्या दबण्याफुगण्यात काही शक्ती जिरते. हा टायरचा विरोध होय, आणि तो भाराच्या प्रमाणात वाढतो. दुसरा विरोध हवेचा. हवा डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती वाटेत नाही असे आपण समजतो. पण सायकलस्वाराला प्रत्येक क्षणी समोरची हवा बाजूस सारून पुढे घुसावे लागते. या विरोधाला वजनाशी काहीच कर्तव्य नाही. सायकल पोलादी आहे की कार्बनची हे हवेला कळत नाही; स्वाराचा देह किती रुंद आणि तो किती वेगाने येत आहे, एवढेच तिला कळते.

ताशी अठरा किलोमीटर हा साध्या सायकलीचा चांगला वेग आहे. या वेगाला, टायरमध्ये हवा नीट भरलेली असेल तर, एकूण विरोधाचे सुमारे तीन पंचमांश हवेचे आणि दोन पंचमांश टायरचे असतात. बेअरिंग आणि साखळी यांचे घर्षण अगदी थोडे असते. ते येथे सोडून देऊ. भार दहाव्या हिश्शाने घटला तर घट होईल ती केवळ टायरच्या दोन पंचमांश वाट्यात. दोन पंचमांशाचा दहावा हिस्सा म्हणजे पंचविसावा भाग. याचा अर्थ असा की, आठ किलो कमी करूनही विरोध शेकडा चारनेच कमी होतो. वेग तर तेवढाही वाढत नाही. कारण वेग वाढू लागला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो. वाचविलेली शक्ती हवाच गिळून टाकते, आणि हाती उरते ती शेकडा दोनची वाढ. प्रकाशाच्या रस्त्यावर वीस किलोमीटर अंतर जावयास पोलादी सायकलीला सदुसष्ट मिनिटे लागत असतील, तर हलक्या सायकलीला साडेपासष्टच्या आसपास लागतील. रेल्वेच्या फाटकापाशी एकदा थांबावे लागले तर या सव्वा मिनिटाच्या कितीतरी पट वेळ जातो.

हवेचे हे माहात्म्य ज्येष्ठ-आषाढात तापीकाठी प्रत्यक्ष अनुभवास येते. पश्चिमेकडून पावसाळी वारा खोऱ्यात शिरला की त्याच्या तोंडावर सायकल हाणणारा माणूस मेटाकुटीस येतो. आणि तोच परतताना पाठीवर वारा घेऊन पायडल न मारल्यासारखा जातो. सायकल तीच, वजनही तेच. अशा वेळी कोपरे वाकवून छाती हँडलकडे झुकविली, फडफडणारा सदरा आवरून घेतला, तर वजन उतरविण्यापेक्षा अधिक लाभ होतो, आणि त्याला दमडीही लागत नाही.

कोणी म्हणेल, हा सारा कागदावरचा हिशेब झाला. रस्त्यावर कोणी पाहिले आहे काय? पाहिले आहे. इंग्लंडमध्ये चेस्टरफील्ड येथील रुग्णालयात काम करणारे डॉ. जेरेमी ग्रोव्ह्ज हे रोज सायकलीने कामावर जात. जाऊन-येऊन त्यांची फेरी सुमारे त्रेचाळीस किलोमीटरांची होई. त्यांच्याजवळ पन्नास पौंडांना घेतलेली, साडेतेरा किलोंची जुनी पोलादी सायकल होती. पुढे त्यांनी सुमारे हजार पौंड खर्चून साडेनऊ किलोंची कार्बनची सायकल घेतली. नवी सायकल वेगवान आहे असे त्यांना वाटले; पण नुसत्या वाटण्यावर ते थांबले नाहीत. २०१० साली जानेवारीपासून जुलैपर्यंत त्यांनी रोज सकाळी नाणे उडवून त्या दिवशीची सायकल ठरविली आणि प्रत्येक फेरीचा वेळ टिपून ठेवला. तीस दिवस पोलादी आणि सव्वीस दिवस कार्बनची, अशा छप्पन्न फेऱ्या झाल्या. सरासरी काढली तेव्हा प्रत्येक सायकलीला जवळजवळ एक तास अठ्ठेचाळीस मिनिटे लागल्याचे दिसले. दोहोंत फरक अवघा अर्ध्या मिनिटाचा, आणि तोही जुन्या सायकलीच्या बाजूचा! त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या प्रसिद्ध नियतकालिकात हा प्रयोग छापून आला.

यावरून जड सायकल अधिक वेगवान असते असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. चार किलो कमी झाल्यावर हिशेबाप्रमाणे एखाद-दुसरे मिनिट मिळावयास हवे होते. परंतु कधी वारा समोरून येतो, कधी रस्त्यावर गर्दी असते, कधी पाय आदल्या दिवशीचे थकलेले असतात. त्यामुळे रोजचा वेळ कित्येक मिनिटांनी मागेपुढे होतो, आणि त्या चढउतारात ते मिनिट हरवून जाते. प्रयोग एकाच माणसाचा आणि एकाच रस्त्यावरचा होता. शिवाय आज आपण कोणत्या सायकलीवर आहोत हे त्याला ठाऊक असणारच. डोळे बांधून कोणी सायकल चालवीत नाही. तरीही नाणे उडविण्याची त्यांची युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वारा अनुकूल असेल त्या दिवशी नवी सायकल आणि प्रतिकूल असेल त्या दिवशी जुनी, अशी निवड मन नकळत करते. नाणे तसे करीत नाही.

हलकी सायकल चटकन उचल खाते, असेही म्हटले जाते. ते खरे आहे. पण त्याचेही माप घेता येते. ऐंशी किलोंच्या भाराला उभ्याचा ताशी अठरा किलोमीटर वेग द्यावयास मध्यम ताकदीच्या माणसाला सुमारे दहा सेकंद लागतात. बहात्तर किलोंना नऊ. बाजारपेठेतून जाताना दहा वेळा थांबावे लागले, तर दहा सेकंद वाचतील.

येथवर वजनाची बाजू अगदी पडल्यासारखी वाटेल. परंतु सायकल राणीपूरच्या पुढे नेली की चित्र पालटते. चढावर हवेचा विरोध नाममात्र उरतो, कारण वेगच नसतो. तेथे शक्ती खर्च होते ती भार वर उचलण्यात, आणि भार उचलताना प्रत्येक किलोची किंमत रोख मोजावी लागते. शंभर मीटर अंतरात दोन मीटर चढ, एवढा उतार नजरेला जाणवतही नाही. पण ताशी अठरा किलोमीटर वेगाला सपाटीवर जेवढा एकूण विरोध असतो, तेवढाच आणखी विरोध हा क्षुल्लक चढ निर्माण करतो. मग घाटाची काय कथा!

समजा, शंभर मीटरला सहा मीटर अशा चढाने आठशे मीटर उंची गाठावयाची आहे. रस्ता सव्वातेरा किलोमीटरांचा होईल. निरोगी माणूस दीर्घकाळ टिकवू शकेल अशी शक्ती शंभर वॅट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका मोठ्या विजेच्या दिव्याइतकी, धरू. तेवढ्या शक्तीने ऐंशी किलोंचा भार ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर वेगाने चढेल आणि माथ्यावर पोहोचावयास दोन तास लागतील. बहात्तर किलोंना एक तास पन्नास मिनिटांच्या आत-बाहेर लागतील. येथे दहाव्या हिश्शाचे जवळजवळ पुरे दहा टक्के पदरात पडले. सपाटीवर तासाभरात सव्वा मिनिट, आणि घाटात दोन तासांत दहा-अकरा मिनिटे. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

तथापि या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे स्वार शेवटपर्यंत सायकलीवर बसून राहील ही. साध्या सायकलीला गिअर नसतात. पायडलाचे एक आवर्तन झाले की तिचे मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते आणि ती साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर ताशी अठरा किलोमीटर वेगाला मिनिटास पंचावन्न आवर्तने होतात; पायांना ही लय मानवते. घाटात वेग साडेसहावर आला की आवर्तने मिनिटास वीसच होतात. एकेक आवर्तन तीन सेकंदांचे! प्रत्येक वेळी पायडलावर जवळजवळ उभे राहून सर्व अंगाचा भार टाकावा लागतो. अशा रीतीने दोन तास कोणाचेही गुडघे टिकत नाहीत. थोड्याच वळणांनंतर माणूस उतरतो आणि सायकल रेटू लागतो. पुढे लहान आणि मागे मोठे दातेरी चक्र असलेल्या गिअरमध्ये पायडलाच्या एका आवर्तनाला चाकही एकदाच फिरते. सायकल सव्वादोन मीटरच सरकते, पण तोच साडेसहाचा वेग राखावयास मिनिटास पन्नास आवर्तने करता येतात. गिअरमुळे काम रतिभरही कमी होत नाही. ते सोसवेल अशा लहान तुकड्यांत वाटले जाते इतकेच. म्हणून तोरणमाळला जावयाचे असेल आणि पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येत असतील, तर ते आठ किलो उतरविण्यापेक्षा योग्य गिअरवर खर्च करावेत. जड पण गिअरची सायकल माथ्यावर पोहोचेल. हलकी पण बिनगिअरची वाटेत उतरवील.

चढताना जेवढे गमावले तेवढे उतरताना परत मिळते, अशीही एक समजूत आहे. जड सायकल उतारावर किंचित अधिक वेगाने धावू पाहते, हे खरे. परंतु घाटाच्या वळणांवर वेग ठरवितो तो ब्रेक, वजन नव्हे. शिवाय उतरण मुळातच थोड्या वेळात आटोपते; त्यातून वाचवून वाचवून किती वाचणार? उलट अधिक भार थांबवावयास ब्रेकच्या रबरांना अधिक घासावे लागते, आणि पावसाने रिम ओल्या झाल्या असतील तर ती रबरे नीट धरीतही नाहीत. घाट उतरण्यापूर्वी सायकलीच्या वजनाची चौकशी केली नाही तरी चालेल, ब्रेकची मात्र केलीच पाहिजे.

सपाटीवरच्या सायकलस्वाराला वेग हवा असेल तर तो कोठे दडलेला असतो? बहुधा चाकांत. टायरमधील हवा कमी झाली की टायर अधिक दबतो आणि त्याचा विरोध वाढतो. हा विरोध भाराच्या प्रमाणात असतो हे वर सांगितलेच आहे. तेव्हा हवा उतरून तो दीडपट झाला, तर सपाट रस्त्यापुरता त्याचा परिणाम भार दीडपट झाल्यासारखाच होतो. ऐंशी किलोंचे एकशेवीस झाले, असे समजावे! ज्या मुलाने आठ किलो हलकी सायकल घेतली आणि महिनाभर पंप हाती धरला नाही, त्याने आठ किलो उतरवून छत्तीस किलो चढविले. पंप मारणे, साखळीला तेल देणे, मडगार्डला घासणारे चाक सरळ करून घेणे ही कामे सायकलच्या दुकानातील कारागीर थोड्या वेळात करून देतो. सीटची उंचीही अशीच महत्त्वाची. सीट फार खाली असली की गुडघे पोटाकडे दुमडतात आणि मांड्यांचे बळ वाया जाते. पायडल तळाशी असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी ती वर असावी.

शर्यतीतील सायकलस्वारांची गोष्ट निराळी आहे. तेथे जय-पराजय सेकंदांवर ठरतात आणि वाटेत मोठमोठे पर्वत असतात. म्हणून ते एकेक ग्रॅम मोजतात. ही चढाओढ हाताबाहेर जाऊ नये यासाठी सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० साली नियम केला की, शर्यतीची सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी असता कामा नये. पण शर्यतीतही सर्व काही सायकलीच्या हाती नसते. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. भागाकार केला तर त्यांचा सरासरी वेग ताशी तेवीस किलोमीटरांच्या आसपास येतो. हा वेग तासभर राखणारी तरुण मुले खानदेशात पुष्कळ सापडतील. तोच वेग वाळवंटातून आणि पर्वतांवरून, दिवसा आणि रात्री राखणे, हा वर्षानुवर्षांच्या सरावाचा भाग झाला. दुकानात तो विकत मिळत नाही.

राहता राहिली लहान मुलांची बाब, आणि येथे हलक्या सायकलीच्या बाजूने बोलणे भाग आहे. वर केलेला सगळा हिशेब साठ किलोंच्या माणसाचा होता. सातवीतील मुलगी पस्तीस किलोंची असेल, तर वीस किलोंची सायकल तिच्या निम्म्याहून अधिक वजनाची झाली. पंचावन्न किलोंतून आठ गेले तर घट दहाव्या नव्हे, जवळजवळ सातव्या हिश्शाची होते. शिवाय तिची ताकद कमी, त्यामुळे वेग कमी; वेग कमी म्हणून हवेचा वाटा लहान आणि वजनाचा वाटा मोठा. पाच किलोमीटरांवरील शाळेत जाताना तिचे एखादे मिनिट सपाटीवरही वाचू शकेल. पण मिनिटापेक्षा मोठ्या गोष्टी आहेत. जड सायकल एका बाजूला कलली की लहान हातांना ती सावरत नाही. स्टँडवर चढविताना दम लागतो. आणि चौकट फार उंच असेल तर थांबताना पाय जमिनीला टेकत नाहीत. धडगाव किंवा मोलगीच्या बाजूला, जेथे पाड्यापाड्यांतून शाळेच्या वाटा चढत-उतरत जातात, तेथे मुलीला झेपेल अशी सायकल मिळाली तर ती शाळेत वेळेवर पोहोचते. न झेपणारी मिळाली तर सायकल घरी उभी राहते आणि मुलगी पायी जाते.

या डोंगरवाटांवर पावसाळ्यात नाले आडवे येतात. गुडघाभर पाण्यातून सायकल चालविता येत नाही. ती खांद्यावर घेऊन पलीकडे जावे लागते. त्या वेळी तिच्यावर कोणी बसलेले नसते. मुलगी उचलते ते केवळ सायकलीचे वजन, आणि तेथे मात्र विसाचे बारा झाले तर भार खरोखरच शेकडा चाळीसने हलका होतो.